एकच निबंध दोनदा लिहून घ्या: इंग्रजीच्या शिक्षकांना खुलं पत्र

इंग्रजी लेखन शिकवणाऱ्या आणि तपासणाऱ्या सर्व शिक्षकांस,

स. न. वि. वि.

इतरांनी इंग्रजीत लिहिलेला मजकूर दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. अहवाल, प्रस्ताव, अर्ज, माहितीपत्रकं, मधूनच एखादा शोधनिबंध. लिहिणारे बहुतेक तुमच्याच हाताखालून गेलेले असतात. घरात दुसरी भाषा, आणि इंग्रजी शाळा-कॉलेजात वर्षानुवर्षं शिकलेली. त्यांचं व्याकरण फारसं चुकत नाही हे आधीच सांगून टाकतो, आणि त्याचं श्रेय तुमचं आहे. कर्ता-क्रियापद जुळलेलं असतं, काळ सांभाळलेला असतो, स्पेलिंग तर आता संगणकच बघतो. तरीही चार पानं वाचून झाली तरी या माणसाला नक्की म्हणायचंय काय, याचा पत्ता लागत नाही. मग मी फोन करतो. फोनवर तोच माणूस दोन मिनिटांत सगळं स्वच्छ सांगतो. अडलं काय, कोणामुळे अडलं, आता काय करायला हवं. मी म्हणतो, अहो, हेच लिहा की! त्यावर पलीकडून ठरलेलं उत्तर येतं: "असं साधं कसं लिहिणार?"

हे उत्तर त्याला तुमच्या वर्गात मिळालं, असं माझं मत झालंय. म्हणून हे पत्र. राग मानू नका, पण ऐकून घ्या.

तुमच्याकडे इंग्रजी लेखन म्हणजे काय चालतं? फळ्यावर विषय पडतो. मुलं तासाभरात दीड पान भरतात. वह्या गोळा होतात, लाल शाईने स्पेलिंग, काळ आणि आर्टिकलं दुरुस्त होतात, तळाशी दहापैकी साडेसहा पडतात आणि वही परत जाते. मूल आकडा बघतं, शेजारच्याचा आकडा बघतं, वही मिटतं. पुढच्या आठवड्यात नवा विषय. लाल शाईत तुम्ही घातलेला वेळ (आणि तो किती जातो याची मला कल्पना आहे) त्या मिटलेल्या वहीत तसाच पडून राहतो.

जे लिहिण्यावर पोट भरतात त्यांना विचारून बघा. पहिला खर्डा म्हणजे कच्ची शिलाई. ती उसवायचीच असते. अंगावर घालून बघितलं की कुठे घोळ पडतोय, कुठे आवळतंय ते कळतं, आणि मग पक्के टाके पडतात. तुम्ही कच्च्या शिलाईलाच गुण देता आणि कापड कपाटात ठेवून देता.

माझी मागणी एकच आहे. विषय निम्मे करा आणि प्रत्येक निबंध दोनदा लिहून घ्या. गुण दुसऱ्या खर्ड्याला द्या.

ही माझ्या डोक्यातून निघालेली टूम नाही. पुढे अमेरिकेचा नामांकित लेखक आणि मुत्सद्दी झालेला बेंजामिन फ्रँकलिन, जन्म १७०६, पोरवयात बॉस्टनमध्ये थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत होता. मुलींना शिक्षण द्यावं की नाही यावर त्याचा एका मित्राशी पत्रांतून वाद चालला होता. ती पत्रं वडिलांच्या हाती पडली. कोणाची बाजू बरोबर यात ते शिरले नाहीत, लिहिण्याबद्दल बोलले. म्हणाले, स्पेलिंग आणि विरामचिन्हांत तू मित्राच्या पुढे आहेस, पण शैली, मांडणी आणि स्पष्टपणा यांत बराच मागे. आणि एकेक जागा काढून दाखवली. स्पेलिंग आणि विरामचिन्हं आपल्याला छापखान्यामुळे साधली होती, हे फ्रँकलिनच आत्मचरित्रात सांगतो. आजच्या शाळेत त्याला दहापैकी साडेआठ मिळाले असते आणि विषय तिथेच संपला असता.

त्याने पुढे काय केलं ते तुमच्या कामाचं आहे. लंडनहून १७११-१२ मध्ये निघालेल्या 'स्पेक्टेटर' या नियतकालिकाचा एक सुटा खंड त्याला मिळाला. त्यातला एक लेख घ्यायचा, प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपून ठेवायचा, काही दिवस तो बाजूला ठेवायचा. मग मूळ लेख न बघता, नुसत्या टिपणांवरून, आपल्या शब्दांत सगळा लेख पुन्हा उभा करायचा आणि मुळाशी ताडून बघायचा. आपण कुठे घसरलो ते तिथेच दिसे. शब्द कमी पडतात असं लक्षात आल्यावर त्याने काही गोष्टींची पद्यं केली, कारण वृत्तात बसवायचं तर एकाच अर्थाचे लांब-आखूड शब्द शोधावेच लागतात. मूळ गद्य विसरायला झालं की पद्याचं पुन्हा गद्य. कधी टिपणांची क्रमवारीच विस्कटून टाकायची आणि काही आठवड्यांनी ती लावायला बसायचं. विचार ओळीने लावणं असं शिकता येतं. एखाद्या बारीक जागी आपण मुळापेक्षा बरं लिहिलंय असंही त्याला अधूनमधून वाटे, आणि त्या वाटण्याने तो खूष होई.

यात शिक्षक कुठेच नाही, हे बघा. चुका दाखवत होतं ते मूळ पान. आणि सगळी विद्या तुलनेत होती: माझं हे, त्यांचं ते, फरक का पडला? वर्गात दीडशे शब्दांचा चांगला परिच्छेद घेऊन हे सहज करता येतं. मी नव्या सहकाऱ्यांकडून आजही करून घेतो. पहिल्यांदा सगळे तोंड वाकडं करतात.

आता तुमच्या वहीकडे येतो. ग्रंथालयाचा निबंध घेऊ, कारण तो सगळीकडे असतोच. 'लायब्ररीज प्ले अ व्हायटल रोल इन द लाइफ ऑफ स्टुडन्ट्स. इन टुडेज फास्ट-मूव्हिंग वर्ल्ड, द इम्पॉर्टन्स ऑफ रीडिंग कॅनॉट बी डिनाइड.' व्याकरणाची एक चूक काढून दाखवा. नाही निघणार. लाल शाईला इथे कामच नाही, उलट समासात बरोबरची खूण मिळेल. आणि या दोन वाक्यांनी सांगितलं काय? वाचनाचं महत्त्व नाकारतंय कोण? कोणत्या विद्यार्थ्याच्या आयुष्यात, कोणती भूमिका? हा मजकूर मुलाने लिहिलेला नाही. तो पाठ झालेला साचा आहे, त्यात ग्रंथालयाच्या जागी पर्यावरण, खेळ, संगणक काहीही घाला, तो तसाच चालतो.

अशा वेळी वही परत द्या आणि एवढंच विचारा: तुझ्या ग्रंथालयाबद्दल, तुला माहीत असलेलं आणि मला माहीत नसलेलं असं काहीतरी सांग. मूल जरा घुटमळेल आणि लिहील: 'अवर लायब्ररी क्लोजेस ॲट फाइव्ह. अवर क्लासेस एन्ड ॲट फाइव्ह.' दोन ओळी झाल्या. शब्द सगळे पाचवीतले. पण यात एक अडचण आहे, एक तक्रार आहे, आणि न लिहिलेली मागणी आहे. तिसरं वाक्य काय असणार याची वाचणाऱ्याला उत्सुकता आहे. दुसऱ्या खर्ड्यातून मला हे हवंय. पहिल्या खर्ड्यात ते सहसा येत नाही, कारण पहिल्या वेळी हात आपोआप साच्याकडे जातो. माझाही जातो, तुमचाही जात असेल.

'साधं कसं लिहिणार' या भीतीचं एक मूळ शब्दांच्या यादीत आहे. मोठा शब्द म्हणजे चांगला शब्द हे मुलांच्या मनात कुठेतरी पक्कं बसवलं जातं. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढे बराच काळ दरबाराची आणि प्रतिष्ठेची भाषा फ्रेंच राहिली. चर्च आणि विद्येची लॅटिन. घरात आणि शेतात मात्र जुनी इंग्रजीच. म्हणून इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन-तीन मजल्यांवरचे शब्द असतात. तळमजल्यावर 'आस्क', वर 'क्वेश्चन', त्याच्याही वर 'इन्टरोगेट'. 'बिगिन' आणि 'कमेन्स', 'हेल्प' आणि 'असिस्ट', 'बाय' आणि 'परचेस'. तुमच्या समानार्थी शब्दांच्या यादीत ते एका ओळीत बसतात, मध्ये बरोबरचं चिन्ह. त्यातूनच 'आय इन्टरोगेटेड माय टीचर अबाउट द होमवर्क' असं वाक्य जन्माला येतं आणि त्या शिक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतं. वरच्या मजल्यावरचे शब्द वाईट नाहीत. पोलिस चौकशी करतात तेव्हा 'इन्टरोगेट'च हवा. पण कोणता शब्द कोणाच्या तोंडी, कोणत्या जागी शोभतो हे यादी सांगत नाही. ते वाचनातून कळतं, आणि तोपर्यंत तळमजल्यावर राहणं शहाणपणाचं.

यावर कोणी म्हणेल, ज्यांची ती मायबोली आहे त्यांना साधं लिहिणं शोभतं, आपल्याला भारदस्त लिहून दाखवावं लागतं. अहो, त्यांचं दुखणंही हेच आहे. १९४८ साली ब्रिटनच्या अर्थखात्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी सरकारी नोकरांसाठी साध्या शब्दांबद्दल एक छोटं पुस्तक लिहिलं, कारण जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या त्या कारकुनांची पत्रं लोकांना समजत नव्हती. अमेरिकेत तर २०१० मध्ये 'प्लेन रायटिंग ॲक्ट' नावाचा कायदाच झाला: सरकारी कार्यालयांनी लोकांसाठीचा मजकूर लोकांना कळेल असा लिहावा. भाषा आईकडून मिळते, लिहिणं मिळत नाही. ते सगळ्यांनाच वेगळं शिकावं लागतं. उलट बाजूनेही बघा. जोसेफ कॉनरॅड जन्माने पोलिश. इंग्रजी शिकायला लागला तोच विशीच्या सुमाराला, खलाशी म्हणून. त्याची पहिली कादंबरी १८९५ मध्ये आली आणि पुढे तो इंग्रजीतल्या मोठ्या कादंबरीकारांत गणला गेला. बोलताना मात्र त्याचे परके उच्चार शेवटपर्यंत गेले नाहीत. वर्गात जो फाडफाड बोलतो त्याच्या निबंधाला आपोआप एक गुण जास्त देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मागच्या बाकावर तोंड न उघडणारी मुलगी त्याच्यापेक्षा चांगलं लिहीत असेल.

आता व्याकरणाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे तुमच्याकडे सगळं सामान आहे आणि ते कशासाठी आहे एवढंच सांगायचं राहून जातं.

प्रयोग घ्या. कर्तरीचं कर्मणी करा, कर्मणीचं कर्तरी करा, असे शेकडो सराव मुलं करतात. कधी कर्मणी वापरावा हे कोणी विचारत नाही, त्यामुळे ती दोन्ही रूपं अदलाबदलीची समजतात, आणि जरा वजनदार वाटतं म्हणून कर्मणी निवडतात. मराठीत आपण 'मांजराने उंदराला पकडलं' म्हणतो आणि गोष्ट उंदराची चालली असेल तर 'उंदराला मांजराने पकडलं' म्हणतो. शब्द नुसते हलवले. कोणी कोणाला पकडलं याचा घोटाळा होत नाही, कारण 'ने' आणि 'ला' राखणीला आहेत. इंग्रजीत ती सोय नाही. तिथे जागा बदलली की उंदीर मांजराला पकडतो. मग उंदराला वाक्याच्या तोंडाशी आणायचं असेल तर? त्यासाठी 'द माउस वॉज कॉट बाय द कॅट'. कर्मणी प्रयोगाचा इंग्रजीतला मोठा उपयोग हा आहे: आपण ज्याच्याबद्दल बोलत आलो त्याला पुढे ठेवणं. मराठी मुलाला हे आतून कळण्यासारखं आहे, कारण तो हेच काम दिवसभर शब्द हलवून करत असतो. सांगायला दोन मिनिटं लागतात.

दुसरा उपयोग वाईट आहे आणि कचेऱ्यांतून तोच बोकाळलाय. 'इट वॉज डिसायडेड दॅट द पेमेंट शुड बी विथहेल्ड.' कोणी ठरवलं? वाक्य हात झटकून मोकळं. मी असं वाक्य दिसलं की समासात फक्त 'कोणी?' असं लिहितो. कित्येकदा उत्तर येत नाही, आणि ते न येणं हीच त्या अहवालातली सगळ्यात महत्त्वाची माहिती असते.

जी गोष्ट प्रयोगाची तीच वाक्यांच्या साखळीची. 'अ न्यू व्हॉल्व्ह वॉज फिटेड इन मार्च. द व्हॉल्व्ह लीक्ड. द लीक डॅमेज्ड द फ्लोअर.' प्रत्येक वाक्य मागच्याचं शेपूट धरून सुरू होतं: आधी ओळखीचं, मग नवं. वाचणारा घसरत नाही. हीच माहिती कशी येते बघा: 'डॅमेज टू द फ्लोअर हॅज ऑकर्ड. अ लीकेज वॉज ऑब्झर्व्हड. इट मे बी नोटेड दॅट इन्स्टॉलेशन ऑफ अ न्यू व्हॉल्व्ह हॅड टेकन प्लेस इन मार्च.' व्याकरण शुद्ध. पण तिन्ही वाक्यं एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत, आणि व्हॉल्व्हमुळे गळती झाली की गळती आधीपासून होती हे शेवटपर्यंत कळत नाही. शिवाय क्रियापदांचं काय झालं तेही बघा. गळणं, बसवणं, खराब होणं या तिन्ही क्रिया नामं होऊन बसल्या, आणि रिकाम्या जागी 'ऑकर', 'ऑब्झर्व्ह', 'टेक प्लेस' अशी भाडोत्री क्रियापदं आली. इंग्रजी वाक्याचा जीव क्रियापदात असतो, तेही कर्त्याच्या जवळच्या. आपल्याकडे क्रियापद शेवटी आलं तरी कान वाट बघतो. इंग्रजी वाचणारा कर्ता दिसल्यावर लगेच विचारतो, बरं, याने केलं काय? कर्ता आणि क्रियापद यांच्यात दोन ओळींचं अंतर पडलं की तो हरवतो. दुसऱ्या खर्ड्याला मुलांना एकच काम द्या: प्रत्येक वाक्यातलं क्रियापद अधोरेखित करा. पानभर 'इज', 'वॉज', 'हॅज', 'टेक', 'मेक' एवढंच निघालं तर मूल स्वतःच चपापेल.

आणि आर्टिकलं. इंग्रजीत सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द 'द'. तुमच्या लाल शाईचा मोठा भाग त्याच्यावर खर्च होतो, आणि मुलांना ती दैवाची करणी वाटते. कधी लागतो, कधी लागत नाही. पण याचं बीज तर प्रत्येक गोष्टीत आहे. 'एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.' पहिल्या वाक्यातला 'एक' म्हणजे 'अ', दुसऱ्यातला 'त्या' म्हणजे 'द'. ऐकणाऱ्याला कोणता राजा ते अजून माहीत नाही, आणि मग माहीत आहे. मराठीत ओळख पटल्यावर 'तो' गाळला तरी चालतं. इंग्रजीत 'द' गाळून चालत नाही, एवढा फरक. याला अपवाद पुष्कळ आहेत, नद्यांची नावं, देशांची नावं, वगैरे. ती पाठच करावी लागतात. पण मुख्य प्रश्न व्याकरणाचा नाहीच: मी कशाबद्दल बोलतोय हे वाचणाऱ्याला या क्षणी ठाऊक आहे का? आर्टिकल चुकवणारं मूल बहुतेक वेळा वाचणाऱ्याला विसरलेलं असतं. ते त्याला सांगा. नुसता 'द' वर गोल काढून काय होणार?

मनाई करणाऱ्या नियमांना मी फार जागा देणार नाही. वाक्य 'अँड'ने किंवा 'बट'ने सुरू करू नये म्हणे. १६११ च्या इंग्रजी बायबलचं दुसरंच वाक्य 'अँड'ने सुरू होतं. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको, हा आक्षेप १६७२ मध्ये इंग्रज कवी ड्रायडनने आपल्या आधीच्या एका नाटककारावर घेतला आणि पुढे त्याचा नियम झाला. अशा नियमांचे गुण कापत बसलात तर मुलं ते पाळण्यासाठी वाक्यं वाकडी करतात. सोडून द्या.

समासातल्या शेऱ्यांबद्दल मात्र बोललं पाहिजे. 'ऑकवर्ड', 'व्हेग', 'इम्प्रूव्ह युअर लँग्वेज', 'गुड' हे शेरे मी माझ्याच जुन्या वह्यांत पाहिलेत. 'इम्प्रूव्ह युअर लँग्वेज' वाचून भाषा सुधारलेला माणूस मला भेटायचाय. याउलट असा शेरा बघा: 'इथे मी थांबलो. हे "इट" म्हणजे पंप की पाणी?' किंवा 'ही ओळ वाचून मला वाटलं तू आता कारण सांगशील, पण तू विषय बदललास.' यात तुम्ही न्यायाधीश नाही, वाचणारे आहात. मजकूर वाचताना तुमच्या डोक्यात काय झालं तेवढं तुम्ही सांगितलंत. लिहिणाऱ्याला नेमकं हेच कधी दिसत नाही, कारण त्याला काय म्हणायचंय हे त्याला आधीच माहीत असतं. असे तीन शेरे एका निबंधाला पुरतात. बाकीच्या चुका तशाच राहू द्या. हात शिवशिवेल, मला ठाऊक आहे. तरी राहू द्या. त्यातल्या बऱ्याच चुका दुसऱ्या खर्ड्यात त्या वाक्यांबरोबरच नाहीशा होतील. जे वाक्य उद्या खोडायचंय त्यातला 'द' आज दुरुस्त करून काय मिळणार?

आणि हे काम एकट्या तुम्हीच करायला हवं असंही नाही. शेजारच्या मुलाने मोठ्याने वाचून दाखवलं तरी खूप काम होतं. लिहिणाऱ्याने गप्प बसून ऐकायचं, मध्ये समजावून सांगायचं नाही. वाचणारा जिथे अडखळतो, मागे जातो, श्वास कमी पडतो, तिथे पेन्सिलने रेघ. इंग्रजी जेमतेम येणारं मूलसुद्धा अडखळू शकतं, त्यामुळे यासाठी वर्गातला हुशार मुलगा शोधत बसायला नको.

आता यंत्राबद्दल. मुलं आज व्याकरण यंत्राकडून तपासून घेतात, आणि सगळा निबंधही त्याच्याकडून लिहून घेतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुमच्यातले काही त्यामुळे हताश झालेत. मला उलट वाटतं. बिनचूक, गुळगुळीत, 'प्ले अ व्हायटल रोल' छापाचा निबंध यंत्र क्षणात देतं, म्हणजे ज्याला तुम्ही इतकी वर्षं गुण देत होतात त्याची किंमत आता शून्यावर आली. पाचला बंद होणारं ग्रंथालय मात्र यंत्राला माहीत नाही; ते मुलालाच सांगावं लागतं. आणि पहिल्या खर्ड्यापासून दुसऱ्यापर्यंत मूल कसं गेलं, कुठे खोडलं, का खोडलं, हे समोर बसून विचारता येतं. ज्याने लिहिलंय तो सांगू शकतो. ज्याने लिहिलेलं नाही तो छताकडे बघतो.

तुमची हरकत वेळेची असेल. वर्ग मोठे, वह्यांचे गठ्ठे, अभ्यासक्रम संपवायचा. मान्य. पण मी काम वाढवायला सांगत नाही. दहा विषयांऐवजी पाच, आणि प्रत्येक दोनदा; वाचायच्या वह्या तेवढ्याच राहिल्या. शब्दमर्यादाही निम्म्यावर आणा. चारशे शब्दांच्या निबंधात निम्मा मजकूर मर्यादा गाठण्यासाठी भरलेला असतो, आणि तो तुम्हालाच वाचावा लागतो! परीक्षेत दुसरा खर्डा कुठे असतो, ही दुसरी हरकत. नसतो, खरं आहे. पण वर्षभर स्वतःचं लिखाण खोडण्याची सवय लागलेलं मूल परीक्षेत पहिलं वाक्य लिहिण्याआधीच मनात एक खोडून टाकतं. आणि पाया कच्चा आहे, आधी व्याकरण पक्कं होऊ द्या, ही तिसरी. ते कधी पक्कं होणार? जे लोक मला मजकूर पाठवतात त्यांचं पक्कं आहे.

करायचं एवढंच. पहिल्या खर्ड्यावर तीन शेरे, गुण नाहीत. दुसरा खर्डा पहिल्याला टाचून घ्यायचा, आणि दोन्ही शेजारी ठेवून काय बदललं त्याचे गुण द्यायचे. नुसती स्पेलिंगं दुरुस्त करून आणणाऱ्याला कमी. एखादा अख्खा परिच्छेद काढून टाकणाऱ्याला भरघोस. काही बिलंदर पोरं मुद्दाम पहिला खर्डा वाईट लिहितील, म्हणजे दुसऱ्यात सुधारणा उठून दिसेल. लिहू द्या. मुद्दाम वाईट लिहायचं तर वाईट कशाला म्हणतात ते आधी कळावं लागतं, आणि तेच तर शिकवायचंय. यासाठी नव्या सत्राची वाट बघायला नको. मागच्या आठवड्यात तपासलेले निबंध मुलांकडे असतीलच. येत्या तासाला नवा विषय न देता तेच बाहेर काढायला सांगा.

कळावे,

आपला,
इतरांचं इंग्रजी दुरुस्त करून पोट भरणारा एक संपादक